पज्जूची खोली

माझा भाऊ सात वर्षांचा झाला तरी आईच्या कडेवरच होता. कागदावर त्याचं नाव प्रज्वल, पण त्या नावाने त्याला फक्त दवाखान्यातच पुकारायचे. घरात तो पज्जू. जन्मापासून त्याच्या पायांत ताठरपणा होता. उभं केलं की गुडघे एकमेकांना चिकटायचे, टाचा वर उचलल्या जायच्या आणि चवड्यांवर तो असा थरथरायचा, की बघणाऱ्याचाच तोल जावा. डोकं मात्र लख्ख होतं. आमच्या भागाचं वेगळं नवं राज्य नुकतंच झालं होतं, गाड्यांच्या नंबरपाट्यांवरची जुन्या राज्याची अक्षरं खोडून नवी रंगवली जात होती. पज्जू खिडकीत बसून कोणती गाडी नवी झाली आणि कोणती अजून जुनीच आहे, हे दिवसभर मोजायचा आणि संध्याकाळी बाबांना सांगायचा. घरात तो सरपटत फिरे. बाहेर जायचं असलं की दोन्ही हात वर करी. मग आई चुलीवरचं असेल ते तसंच सोडून त्याला उचलायची. आईचं चालणंसुद्धा त्यामुळे एका अंगाला झुकलेलं होतं; तो कडेवर नसला तरी ती तशीच तिरकी चालायची. मी तेव्हा बारा वर्षांची होते, आणि मला आठवतं त्या आधीपासून आई तशीच चालत होती.

आमचं क्वार्टर पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, रुआबांध्याला होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे मोरी आणि पुढे जाळीचा व्हरांडा. सकाळी प्लँटचा भोंगा झाला की गल्लीतून सायकली आणि स्कूटरी एकदम निघायच्या. त्यात आमच्या बाबांची सायकलही असे. साकोलीकडच्या शेतकरी घरातून आलेले बाबा फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये होते. लोखंडाचा जो भाग ओतायचा, त्याचा आधी लाकडी नमुना करायचा, हे त्यांचं काम. त्यांच्याकडे दोन पट्ट्या होत्या. एक साधी, आणि दुसरी खास त्या कामाची, जिचा प्रत्येक इंच खऱ्या इंचापेक्षा केसभर मोठा. लहानपणी मी त्या पट्टीने भूमितीची आकृती काढली आणि शाळेत मार खाल्ला. तेव्हा बाबांनी समजावून सांगितलं होतं, "लोखंड थंडं होताना आकसते. म्हून आपण आधीच मोठं धरून चालाचं." बाबा एवढं सलग क्वचितच बोलत. दिवसभर लाकूड तासणाऱ्या माणसाला बोलण्याची फारशी गरज वाटत नसावी.

दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या एक केरळी मॅडम होत्या. दर बुधवारी आई पज्जूला तिथे न्यायची. तिथे धरून चालायच्या दोन आडव्या नळ्यांच्या मध्ये त्याला उभं करत, आणि पज्जू असा काही ओरडे की बाहेरच्या बाकावरची माणसं आत डोकावत. त्या चकचकीत नळ्या, तो फिनेलचा वास, पायाला बांधलेल्या पट्ट्या, कशालाच तो हात लावू देत नव्हता. एका बुधवारी आईला ताप होता म्हणून बाबा सुटी टाकून गेले, सोबत मी. मॅडमनी बाबांना बाजूला बोलावलं आणि म्हणाल्या, "घर में इसको पकड़ने के लिए कुछ चाहिए. मम्मी नहीं. कुछ और." बाबांनी मान हलवली. परत येताना सायकलच्या दांड्यावर पज्जू, मागे मी. घराजवळ आल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "त्या नळ्या मी एका दिवसात करून देतो. पण घरात दवाखाना नाही कराचा."

त्या आठवड्यात एका संध्याकाळी जेवताना त्यांनी विषय काढला. पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांची उसळ होती, भात होता, आणि शेजारच्या साहूबाईंनी पाठवलेला तांदळाच्या पिठाचा वाफेवरचा फरा. आई पज्जूला भरवत होती.

"मागची खोली पज्जूची करू," बाबा म्हणाले.

"त्याले खोली कायले पाह्यजे?" आई म्हणाली. "तो माझ्याजवळ झोपते."

"झोपाले नाही. चालाले."

आईचा हात तसाच थांबला. मग तिने घास पज्जूच्या तोंडात घातला आणि म्हणाली, "तुमी बी काय जी. पोराच्या जीवाशी खेळ नका करू." तो विषय तिथे मिटला असं तिला वाटलं असावं. पण मला ठाऊक होतं, बाबांनी एकदा तोंडातून काढलेली गोष्ट ते पुन्हा बोलत नाहीत, करतात. आणि मागची खोली माझी होती. म्हणजे तशी तिथे गाद्यांची थप्पी होती, तांदळाची कोठी होती, पण खिडकीखालचा कोपरा माझा होता. तिथे माझी पुस्तकं होती, भिंतीला वर्तमानपत्रातून कापून चिकटवलेली चित्रं होती, आणि खिडकीतून कडुनिंबाची एक फांदी अगदी हाताशी यायची. त्या घरात माझं म्हणावं असं तेवढंच होतं. पज्जूसाठी काही मागितलं गेलं तर नाही म्हणायचं नसतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, पण येत होतं.

पुढचे दोन-अडीच महिने बाबा रविवार आला की सामान शोधायला निघायचे आणि मला सोबत न्यायचे. नवीन सामान का नाही, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. त्यांनी मला बाजारातल्या एका नव्या टेबलाजवळ नेलं आणि कडा धरून जरा ओढायला सांगितलं. टेबल माझ्याबरोबर पुढे आलं. "पाह्यलं?" ते म्हणाले. "तो धरन आणि हे त्याच्यासंगं पडन. आपल्याले भल्ला जड सामान पाह्यजे. जुनं." हल्ली माझी मुलगी मोबाइलवर जुन्या धाटणीच्या खोल्यांचे फोटो पाहते, त्याला 'विंटेज' म्हणते, आणि तसलं एखादं कपाट घ्यायचा हट्ट धरते. मला प्रत्येक वेळी त्या बाजारातलं ते हलकं टेबल आठवतं.

पहिली मिळाली ती खाट. खुर्सीपारच्या एका भंगारवाल्याकडे पत्र्यांच्या आणि सायकलींच्या ढिगाखाली ती पालथी पडली होती. लहान मुलाची लोखंडी खाट, दोन्ही बाजूंना कठडा, गंजून तांबडी झालेली. वस्तू चांगली आहे म्हणत भंगारवाल्याने आग्रह केला, "ले जा ना गा, बने चीज हे." बाबांनी ती सरळ केली, आणि मग जे केलं त्याने मी लाजेने लाल झाले. ते तिच्या बाजूला उकिडवे बसले, कठडा दोन्ही हातांनी धरला, आणि पज्जूसारखे गुडघे जुळवून, टाचा उचलून, सगळं अंग त्या कठड्यावर टाकून वर उठू लागले. पन्नाशीला टेकलेला माणूस, भर बाजारात. आजूबाजूची माणसं बघायला लागली. खाट हलली नाही. बाबा उठले, हात झटकले आणि म्हणाले, "ही चालन."

त्यानंतर प्रत्येक घरी, प्रत्येक दुकानात त्यांनी तेच केलं. एका मोठ्या बंगल्यातले बंगाली साहेब निवृत्त होऊन गावी निघाले होते, त्यांच्याकडचं सामान विकायला काढलं होतं. तिथे खालच्या मजल्यावर एक बुटकं, रुंद, काळपट लाकडाचं चार खणांचं कपाट होतं. साहेबांच्या बायकोने सांगितलं, "ये प्लँट बनाने आए रशियन लोगों का है. वो लोग जब वापस गए, तब से हमारे यहाँ है." मागच्या बाजूला पितळेची छोटी पट्टी होती आणि तिच्यावर उलटीसुलटी दिसणारी अक्षरं. मी त्या अक्षरांवर बोट फिरवलं. कुठल्या तरी बर्फाच्या देशात तोडलेलं लाकूड इथल्या उन्हात येऊन उभं होतं, आणि आता आमच्या क्वार्टरात येणार होतं. बाबा त्या बाईंसमोरही उकिडवे बसले, कपाटाची कडा धरली आणि लोंबकळले. बाई चकित झाल्या. मी जीव एकवटून म्हणाले, "मेरा भाई चल नहीं पाता." बाई आत गेल्या आणि खणांत घालायला धुतलेल्या सुती कापडाच्या चार घड्या घेऊन आल्या.

उतईला एका किराणा दुकानदाराने काचेचं नवं काउंटर बसवलं होतं, म्हणून जुनं बसकं लाकडी काउंटर मागच्या अंगणात पडलं होतं. ते आम्ही आणलं. त्याला गुळाचा आणि हिंगाचा वास होता, आणि तो वास किती घासलं तरी गेला नाही. आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या शिंप्याने मोटारवालं मशीन घेतलं होतं. त्याच्या जुन्या पायमशीनचा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, सांगाडा आणि वरची फळी, हे चौथं. त्या बिडाच्या नक्षीवर बाबांनी बराच वेळ हात फिरवला. "कोणीतरी याचा लाकडाचा नमुना केला असन पहिले," ते म्हणाले, आणि त्या न पाहिलेल्या माणसाबद्दल त्यांच्या आवाजात जो आदर होता, तो मी त्यांच्या तोंडून इतर कुणाबद्दल ऐकला नाही.

मग काम सुरू झालं. संध्याकाळी पाच वाजून गेले की सायकल लागायची, चहा व्हायचा, आणि मागच्या अंगणातून करवतीचा, कानशीचा, पॉलिश पेपरचा आवाज यायचा. पज्जू उंबऱ्याशी पोटावर पडून बघायचा. बाबांनी एकदा त्याला भिंतीशी उभं केलं, मी काखेत धरलं, आणि त्यांनी त्याच्या कोपरापर्यंतची उंची घेतली. प्लँटमधल्या कामाची घ्यावी तशी, दोनदा. पायमशीनचं बीड कापता येणार नव्हतं. त्याची चाकं काढल्यावर ते नेमकं पज्जूच्या कोपराएवढं भरलं. मग बाकी सगळं त्याच्या मापाने. रशियन कपाटाचे पाय कापून कमी केले, काउंटरखाली ठोकळे आले, खाटेचा कठडा वर सरकवून पुन्हा जोडला. सगळे कोपरे कानशीने गोल केले. खाटेला पोपटी रंग दिला, तोही पज्जूनेच निवडलेला. आई या सगळ्याकडे पाठ करूनच वावरत होती, पण एका दुपारी मी शाळेतून आले तेव्हा ती जुन्या गोधडीचे तुकडे शिवून कोपऱ्यांवर बसवायच्या टोप्या करत होती. मला बघून म्हणाली, "लागन ना त्याले." एवढंच.

माझा कोपरा गेला. पुस्तकं पुढच्या खोलीत टीव्हीखाली आली. चित्रं मात्र बाबांनी भिंतीवरून हळूच सोडवली, आणि मला म्हणाले, "हे तू लाव. सामानाच्या वर, त्याचा हात पोचन तिथं." मी रागातच लावली. वाघ खाटेजवळ, जहाज कपाटावर, काउंटरच्या वर माझं सगळ्यात आवडतं बर्फाच्या डोंगराचं, आणि दाराजवळ पायमशीनच्या वर आगगाडी.

सगळं लागलं त्या दिवशी बाबांनी पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी बघितली. एक टोक मी खाटेच्या कठड्याशी धरलं, दुसरं घेऊन ते कपाट, काउंटर, पायमशीन असं फिरले. मग त्यांनी मला बोलावलं. "इथं डोळा लाव." मी कठड्याला गाल टेकवला आणि एक डोळा मिटला. खाटेपासून दारापर्यंत एकच रेघ होती. भंगारातलं लोखंड, परक्या देशातलं लाकूड, वाण्याचं काउंटर, शिंप्याची फळी, चार घरांतून आलेल्या चार वस्तू, आणि कुठे सुताएवढाही चढउतार नाही. मी नंतर पुष्कळ मोठी बांधकामं पाहिली, देवळं पाहिली. पण त्या वेळी गालाला ते गार लोखंड लागलेलं असताना छातीत जे झालं, ते पुन्हा कुठे झालं नाही.

पज्जूला खाटेपाशी उभं केलं. तो रडला नाही. त्याला ती जागा दवाखाना वाटलीच नाही. त्याने कठडा धरला, वाघाला हात लावला, मग कपाटाची कडा धरली. एक पाऊल ओढलं. मग दुसरं. जहाजापर्यंत जायला त्याला इतका वेळ लागला की आईचा स्वयंपाकघरात ठेवलेला भात खाली लागला, आणि त्याचा वास येऊनही कुणी जागचं हललं नाही. काउंटरपाशी गेल्यावर त्याने खाली वाकून लाकूड चाटलं आणि म्हणाला, "गोड हाय."

महिन्याभरात तो खाटेपासून दारापर्यंत जायला लागला. त्या खोलीचा एक आवाजच झाला. एक पाय घासायचा, दुसरा आपटायचा. खस्स, टप. खस्स, टप. आई पोळ्या लाटताना तो आवाज ऐकत असायची. आवाज थांबला की लाटणं थांबायचं. मीही ऐकत असायचे, टीव्हीखालच्या माझ्या पुस्तकांपाशी बसून. इथे एक खरं सांगून टाकते, कारण ते इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही. खोली लागून तीन-चार महिने झाले असतील; एका संध्याकाळी मला गणित सुटत नव्हतं, पुढच्या खोलीत पाहुणे बसले होते, अभ्यासाला जागा नव्हती, आणि आतून तो खस्स, टप चालला होता. मी मनात म्हटलं, पडला पाहिजे एकदा.

आणि तो पडला. दोन-तीन दिवसांनी, दुपारी. आधी आवाज, मग शांतता, मग आईची किंकाळी. काउंटर आणि पायमशीन यांच्या मध्ये तो पालथा पडला होता, हनुवटी फुटून रक्त येत होतं. आईने त्याला उचललं, हळद दाबली, आणि मग तिची नजर जमिनीवर गेली. काउंटर आणि पायमशीन जवळजवळ खेटून असायला हवं होतं. तिथे आता चांगलं हात-दीड हात अंतर होतं.

"तूनं सरकवलं ना?" ती माझ्याकडे वळली. "सकाळी झाडाले तूच गेलती. बोल ना! राग येते ना तुले त्याचा?"

मी नाही म्हणू शकले असते. काउंटर मला एकटीला हलणारं नव्हतंच. पण मला वाटलं, मीच पाडलं त्याला, मनाने. मी खाली मान घालून उभी राहिले. आईने ते कबुलीसारखं घेतलं आणि माझ्या पाठीत दोन धपाटे घातले, आणि मग स्वतःच रडायला लागली.

बाबा आले तेव्हा पज्जूच्या हनुवटीला पट्टी होती आणि मी व्हरांड्यात बसले होते. आईने त्यांना दारातच सगळं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग डबा खाली ठेवला.

"तिले काऊन मारलं?" ते म्हणाले. "मी सरकवलं."

आईला कळेना. बाबांनी तिला खोलीत नेलं आणि जमीन दाखवली. मीही मागून गेले. प्रत्येक वस्तूच्या पायाशी खडूच्या बारीक खुणा होत्या, एकीपुढे एक. दर रविवारी सकाळी आई पज्जूला तेल लावून आंघोळ घालायची, त्याला अर्धा-पाऊण तास लागायचा. तेवढ्या वेळात बाबा सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, लावून एकेक वस्तू सरकवत होते. दोन बोटं. दर रविवारी दोन बोटं. आधी हात लांबवायला लागेल एवढं, मग आणखी थोडं, म्हणजे कधीतरी एका क्षणासाठी त्याला दोन्हीकडचं सोडावं लागेल एवढं.

"पाडाले आणलं का हे सामान?" आईचा आवाज फुटला. "माझ्या पोराले पाडाले?"

आई काउंटरला भिडली. जे उचलायला उतईला तीन माणसं लागली होती, ते तिने एकटीने ढकललं. जमिनीवर घासण्याचा तो आवाज अजून माझ्या दातांत आहे. पायमशीन, काउंटर, कपाट, सगळं तिने पुन्हा एकमेकांना भिडवलं. केस सुटले होते, हाताची बांगडी फुटून मनगट चिरलं होतं. तेवढ्यात खाटेवरून पज्जू म्हणाला, "आई, नको ना जोडू. मले माहीत होतं."

"काय माहीत होतं तुले?"

"बाबा रविवारी सरकवते. मी सोमवारी बोटानं मोजतो."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"सांगतलं असतं तर तू जोडलं असतं."

सात वर्षांचा तो मुलगा, हनुवटीला पट्टी, सपाट आवाजात बोलत होता, जणू रस्त्यावरच्या गाड्या मोजून सांगत होता. मला एकदम कळलं, की आम्ही सगळे त्याला घेऊन काहीतरी करत होतो असं आम्हाला वाटत होतं, आणि तो आमच्या सगळ्यांच्या पुढे कधीचा चालत होता. तो सुतळीएवढ्या पायांचा मुलगा मला एकाएकी मोठा वाटला, बाबांपेक्षाही मोठा.

पण आई आई होती. सामान भिडलेलंच राहिलं. पुढचे आठ-दहा दिवस ती बाबांशी बोलली नाही. ताट वाढून समोर ठेवायची आणि आत निघून जायची. बाबाही त्या रविवारी खोलीत गेले नाहीत. अंगणात बसून पटाशीला धार लावत राहिले. आणि मोरीला जाण्यापुरतं सोडलं तर पज्जू खाटेवरून उतरला नाही. चालायलाही नाही, आणि आईने हात पुढे केले तर कडेवरही नाही. सरपटत मोरीपर्यंत जायचा, सरपटत परत यायचा. तो खस्स, टप आवाज बंद झाला. मला वाटलं होतं, त्या शांततेत मला बरं वाटेल. मी पाढे म्हणायला लागले तरी माझं लक्ष त्या न येणाऱ्या आवाजाकडे असायचं.

एका शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटून मी घरी आले तर मागच्या खोलीतून घासण्याचा आवाज आला. आई जमिनीवर बसली होती, पाठ काउंटरला लावलेली, दोन्ही पाय भिंतीला टेकवलेले, आणि तोंड लाल करून ती मागे रेटत होती. काउंटर दाराच्या दिशेने सरकत होतं. पज्जू खाटेवर बसून बघत होता. मला पाहून ती थांबली नाही.

"रुपे," धापा टाकत ती म्हणाली, "खडूची शेवटची खूण कोणती होती व?"

मी जमिनीवर बसून शोधलं. तिने रोज पोछा मारून बहुतेक पुसल्या होत्या, पण शेवटची पुसट दिसत होती. मी बोट ठेवलं. आईने काउंटर खुणेपर्यंत आणलं, मग उठून पायमशीनला हात घातला आणि ते त्याच्या खुणेवर नेलं. वाकून अंतर पाहिलं. आणि मग, मी बघत असताना, आपली दोन बोटं जमिनीवर आडवी ठेवली आणि पायमशीन तेवढं आणखी पुढे ढकललं.

"उतर," ती पज्जूला म्हणाली.

तो उतरला. खाट, कपाट, काउंटर. काउंटरच्या टोकाशी येऊन थांबला. आई दारात उभी होती. तिने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि उजव्या हाताने डावं मनगट घट्ट धरलं. मी मागे उभी होते म्हणून मला दिसलं, नखं रुतून पांढरी झाली होती. तिचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. पज्जूने हात लांबवला. पोचला नाही. त्याने भिंतीवरच्या आगगाडीकडे पाहिलं, मग खाली पायांकडे, आणि काउंटर सोडलं. तो कशालाच धरून नव्हता. गुडघे जुळले, टाचा उचलल्या, सगळं शरीर वाऱ्यात सापडल्यासारखं हललं. एक पाऊल. दुसरं, घासत. मग त्याचा तळवा फळीवर आपटला आणि त्याने ती धरली. वळून आईकडे बघितलं आणि म्हणाला, "लागलं नाही."

आईने त्याला उचलून घेतलं नाही. ती तिथेच खाली बसली. मग मला म्हणाली, "बाबाले सांगजो नको. त्याहीले पाहू दे." त्या संध्याकाळी बाबा आले, चहा झाला, आणि आई आठ-दहा दिवसांनी त्यांच्याशी पहिलं वाक्य बोलली, "अजी, जरा खोलीत या." पज्जूने त्यांना चालून दाखवलं. मोरीत जाऊन बाबांनी नळ सोडला आणि ते तोंड धुऊ लागले. नळ इतका वेळ वाहत राहिला की शेवटी आईनेच जाऊन बंद केला.

पुढे पज्जू शाळेत गेला, दोन काठ्यांवर. नंतर एका काठीवर. मध्ये पायाचं ऑपरेशन झालं, दोन वर्षं पुन्हा खाटेवर गेली, पुन्हा शिकावं लागलं. सगळं सरळ झालं असं मी म्हणणार नाही. आज तो दुर्गला यंत्रांचे नकाशे काढतो, त्याला बायको आहे, दोन मुलं आहेत, आणि तो अजूनही एक पाय घासतच चालतो. बाबा गेले तेव्हा त्यांना खांदा द्यायला तो थोडं अंतर चालला, काठीशिवाय. आई त्याच्या शेजारून चालत होती, पुन्हा हात पाठीमागे धरून.

पण मला सांगायचं आहे ते त्या शनिवारच्या दुसऱ्या दिवसाचं. रविवारी सकाळी बाबा उघडपणे सब्बल घेऊन खोलीत आले. आई तिथेच होती, तेलाची वाटी घेऊन. पज्जू पायमशीनला धरून उभा होता. म्हणाला, "बाबा, ते ठेवा. आज मी सरकवतो."

बाबांनी सब्बल भिंतीला टेकवून ठेवली. पज्जूने दोन्ही तळवे त्या बिडाच्या नक्षीवर ठेवले, छाती लावली आणि जोर केला. काही झालं नाही. त्याचे पाय मागे घसरले, त्याने ते पुन्हा पुढे ओढले, पुन्हा जोर केला. मानेच्या शिरा ताठल्या. माझे हात आपोआप पुढे गेले, आणि बाबांनी मान हलवून मला थांबवलं. आम्ही तिघं तिथे उभे होतो, कुणीच काही करत नव्हतो. बाहेर गल्लीत कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. पज्जूने डोळे मिटले, टाचा पहिल्यांदाच जमिनीला टेकल्यासारख्या दिसल्या, आणि बीड जमिनीवर किर्र वाजलं.

बाबा खाली वाकले. तांदळाच्या दाण्याएवढं सरकलं होतं. त्यांनी खिशातून खडू काढला आणि पज्जूच्या हातात दिला.